मऊ गादीचे वैरी

आमच्या जिनवाल्या मामांनी उभ्या मलकापुरात जितक्या तान्ह्या पोरांची झोपमोड केली, तितकी पोटदुखी, ढेकूण आणि नागपूरची मेल या तिघांनी मिळूनही केली नसेल. आणि हे सगळं ते पोरांना नीट झोप लागावी म्हणून करत. मामा माझ्या आईचे सख्खे थोरले भाऊ. स्टेशनापलीकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करायच्या कारखान्यात, ते फिटर होते. ऐन तारुण्यात त्या घरघरीत जे शिरले ते कान तिथेच ठेवून बाहेर आले. उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नसे, डाव्या कानानं कुणी ओरडलं तर तेवढं आणि स्वतःचा आवाज यायचा, आणि तो नीट यावा म्हणून ते नेहमी दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. भुवयांत, कानांत आणि मिशीत बाराही महिने रुईचे तंतू अडकलेले. अशा अवतारात हा माणूस बाळंतिणीच्या दारात येऊन "हळू बोला! पोट्टं झोपून राह्यलं!" अशी आरोळी ठोकायचा. पोट्टं अर्थातच उठायचं. मामांना ते ऐकूच यायचं नाही. आपल्यामुळे घर कसं शांत झालं, या समाधानात ते ओसरीवर बसून चहाची वाट बघायचे.

गावात कुणाकडे मूल झालं की बारशाच्या बोलावण्याची वाट पाहण्याइतका दम त्यांना नव्हता. जिनाचा दुपारचा भोंगा झाला की डबा तसाच ठेवून ते निघत. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसानं जायचं नाही एवढं त्यांना कळे, म्हणून ते उंबऱ्याबाहेर पाठ करून उभे राहत आणि भिंतीला विचारल्यासारखे विचारत, "तोंड उघडं हाय का?" आतल्या बायका पहिल्यांदा दचकत, मग चिडत. मामांना सुतकी चेहऱ्याची किंवा संतापाची काही पर्वा नव्हती. पोराच्या तोंडावर पांघरूण आहे का, डोक्याखाली उशी आहे का, शेगडी पेटवून खिडक्या लावून घेतल्यात का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ते हलत नसत. एकदा एका वकिलांच्या घरी सुनेच्या पोराला दोन दुपटी, एक शाल आणि वर सासऱ्यांची रजई घातलेली होती. पोर घामानं भिजून किंचाळत होतं आणि ते थंडीनं रडतंय अशी समजूत करून घेऊन सासूबाई चौथं पांघरूण शोधत होत्या. मामांनी पाठ करून उभं राहण्याचा नियम त्या दिवशी मोडला. सरळ आत जाऊन त्यांनी रजई ओढली आणि सासूबाईंना म्हणाले, "थंडी तुले वाजून राह्यली, अन् पांघरून त्याले घालून राह्यली! घे, तू पांघर!" वकीलसाहेब त्यानंतर वर्षभर मामांशी बोलले नाहीत. मामांना तेही कळलं नाही, कारण त्याआधी ते काय बोलत होते हेही त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं.

आवाजाच्या बाबतीत मात्र त्यांचा न्याय फार विचित्र होता. मालगाडी दणदणत गेली तर चालेल, जिनाचा भोंगा झाला तर उत्तम, पण माणसानं केलेला आवाज त्यांना खपत नसे. लग्नसराईत एकदा बाजारातून वरात चालली होती. त्या रस्त्यावर कासाराच्या घरी आठवड्याचं पोर. मामा वरातीच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि असे काही गरजले, की घोडा बिथरला, नवरदेवाचा बाशिंगासकट तोल गेला आणि कासाराच्या पोराबरोबर आजूबाजूची दोन-तीन पोरंही एका सुरात रडू लागली. बँडच्या म्होरक्यानं तोंडातली पिपाणी काढून हात जोडले. "चाचा," तो म्हणाला, "हमारा बाजा तो तुमसे छोटा है." गाव पुढची कितीतरी वर्षं हे वाक्य सांगून हसत होतं. मला ते हसणं ऐकून आजही संताप येतो. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पोरांच्या तोंडावरचं पांघरूण या माणसानं कधी ना कधी बाजूला केलेलं होतं.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं होतं, आणि तेही रागारागानं. जिनात कामाला येणाऱ्या बाया आपली तान्ही पोरं बरोबर आणत आणि रुईच्या ढिगावर निजवत. त्याहून मऊ जागा दुसरी कुठली? एका दुपारी मामा पट्टा बदलायला त्या बाजूला गेले, तर ढिगात एक खळगा दिसला आणि खळग्यात एक एवढासा पाय. "मऊ होतं म्हनून निजवलं होतं," मामा म्हणाले. "मऊ होतं म्हनूनच ते आत गेलं. म्या पायाले धरून ओढलं. निळं झालं होतं, पोरी. निळं!" ते पोर जगलं. मामा मात्र त्या दिवसापासून मऊ या शब्दावरच उखडले. ते तडक मालकाकडे गेले आणि म्हणाले, अवजारांच्या खोलीचा व्हरांडा मोकळा करून द्या, तिथे चटया टाकू, आणि बायांतली एकजण आळीपाळीनं पोरांजवळ बसेल. मालक म्हणाले, फिटरनं मशीन बघावी, पोरं बघायला ठेवलेलं नाही. त्यावर मामांनी जे उत्तर दिलं ते जिनाच्या फाटकापर्यंत ऐकू गेलं: "तुमची मशीन बंद पडली तं म्या चालू करतो. पोट्टं बंद पडलं तं कोन चालू करते?" मालकांनी व्हरांडा दिला. पटलं म्हणून दिला की मामांनी बोलणं थांबवावं म्हणून दिला, हे मला माहीत नाही.

माझी पहिली मुलगी झाली ती अशा मामांच्या गावात. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, मी नागपूरला एका शाळेत शिकवत होते आणि ऐन थंडीत बाळंतपणाला माहेरी आले होते. येताना शेवरीच्या कापसाची एक सुरेख गादी मी हौसेनं शिवून घेतली होती. फुलाफुलांचं कापड, कडेला झालर, बोट लावलं तर पेराच्या वर आत जावं अशी. मामा पाचव्या दिवशी आले, दारात पाठ करून उभे राहिले, तीन प्रश्न विचारले, मग आईला म्हणाले, "गादी आन इकडं." आईनं आणली. मामांनी तिच्यावर तळहात दाबला, तो किती खोल गेला ते मला लांबूनच दाखवलं आणि गादी काखेत मारून घरी घेऊन गेले. बदल्यात स्वतःच्या घरची धुऊन कडक झालेली एक जुनी गोधडी पाठवली. मी रडले. बाळंतिणीला रडू नको म्हणणाऱ्या आईलाही माझी बाजू घ्यावीशी वाटली. दोन दिवसांनी मामी खबर घेऊन आली, की माझ्या झालरीच्या गादीवर मामा स्वतः दुपारचे घोरत पडतात आणि "मऊ हाय" असं शिफारसपत्रही देतात. त्या बातमीनं मला जो राग आला, त्यानं माझी अर्धी कमजोरी पळाली.

पण पोर मामांकडेच शांत व्हायची, हेही मला नाइलाजानं सांगावं लागेल. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, तरी तिचा टाहो थांबत नसे. मग मामा तिला उभी छातीशी धरत आणि घशातल्या घशात "घर्रर्र" असा जिनाचा आवाज काढत येरझाऱ्या घालत. त्यात ना सूर होता ना शब्द. त्यांच्या छातीची पेटी थरथरायची आणि पोरीचे डोळे हळूहळू मिटायचे. "मायच्या पोटात का सुनसान असते?" ते मला विचारत. "तिथं बी मशीनच चालू असते." पोर झोपली की ते तिला गोधडीवर उताणी ठेवत आणि लगेच निघून न जाता शेजारी बसून तिच्याकडे बघत राहत. तिचा श्वास त्यांना ऐकू येत नव्हता. तिच्या पोटाचं वरखाली होणं ते डोळ्यांनी बघत, आणि मनासारखं झालं की उठत.

मग अमडापूरहून अक्कामावशी आली. ही आईची आणि मामांची सगळ्यांत मोठी बहीण. मायाळू, कामाला वाघीण, आणि आपल्याला पोरं वाढवता येतात याबद्दल तिच्या मनात तिळभर शंका नव्हती. तिनं आल्या आल्या खिडकी लावली, शेगडीत ओव्याची धुरी टाकली, आणि पोरीचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली इवलीशी उशी तिच्या मानेखाली सरकवली. दुपारी मामा आले. त्यांनी धूर पाहिला. त्यांनी खिडकी उघडली, अक्कानं लावली, त्यांनी पुन्हा उघडली. त्यांनी मोहरीची उशी उचलून नेली, आणि दुसऱ्या दिवशी मामीनं ती मोहरी फोडणीला घातल्याचं अक्काला कळलं. तेव्हा जे भांडण झालं त्यात बाळाचा विषय पहिल्या दोन वाक्यांतच संपला आणि पुढे लहानपणी कुणी कुणाची बोरं खाल्ली इथपर्यंत गाडी गेली. शेवटी अक्का आईला म्हणाली, "या घरात एक तं म्या राहीन, नाई तं हा भोंगा." आई धाकटी, दोघांच्या मध्ये सापडलेली, आणि रात्रंदिवस बाळंतीण-बाळ सांभाळून मेटाकुटीला आलेली. ती मामांना म्हणाली, "दादा, थोडे दिवस नको येऊ." मामांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. आईला ते वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. मामा गेले. पण रोज दुपारी भोंगा झाला की समोरच्या ओट्यावर येऊन बसायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या खिडकीकडे बोट दाखवून सांगायचे, "पाह्यलं का? बंद!"

मामांचं येणं थांबलं तशी पोर दिवसचे दिवस रडू लागली. आईच्या डोळ्यांखाली काळं झालं, मला पान्हा आटतो की काय असं वाटू लागलं. आणि मग एका सकाळी ती शांत झाली. सकाळभर झोपली, दूध प्यायला नीट उठलीही नाही, पुन्हा झोपली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. अक्काच्या हाताला यश आहे असं शेजारणी म्हणाल्या, आणि अक्का नुसती हसली. आई कित्येक दिवसांनी निवांत जेवायला बसली. मी बाजेवर पडल्या पडल्या डोळा लावला.

दुपारी अक्का अंघोळीला गेली होती. ओट्यावरून मामांनी तेवढी वेळ साधली आणि ते आत आले. या वेळी पाठ केली नाही, प्रश्न विचारले नाहीत. मला जाग आली ती मामांच्या गप्प उभं राहण्यानं. ते वाकून पोरीकडे बघत होते, आणि इतका वेळ बघत होते की मी उठून बसले. "ही कधीची झोपली?" त्यांनी विचारलं. मी हातानं सकाळ सांगितली. त्यांनी तिला उचललं. तिची मान ओल्या फडक्यासारखी लवली. मामांनी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि "ऊठ बे!" म्हणून ओरडले. ज्या आवाजानं घोडे बिथरत, तो आवाज तिच्या कानात गेला आणि तिच्या पापणीचा केसही हलला नाही.

अक्का ओल्या केसांनी धावत आली. "काऊन उठवून राह्यला तिले? कसंबसं झोपलं लेकरू!"

"अक्का," मामा म्हणाले, "काय देल्लं हिले?"

"काय देनार? थोडीशी बाळगोळी. आपल्यात सगळेच देतात."

"अफूची?"

मामांनी उत्तराची वाट पाहिलीही नाही. ते पोरीला छातीशी धरून रस्त्यावर धावत सुटले, आणि मागून मी, पायात चप्पल नाही, डोक्याला बांधलेलं फडकं सुटलेलं, बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो हे विसरून. भर बाजारातून मामा धावत होते आणि सारखे तिच्याशी भांडत होते. "झोपू नोको! पाह्य इकडं! म्या सांगून राह्यलो ना तुले, झोपू नोको!" दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते. पोरांना झोपू द्या म्हणून गाव डोक्यावर घेणारा हा माणूस एका पोरीला झोपू देत नव्हता, हे पाहून एक-दोघं हसलेही. त्यांचे चेहरे मला अजून ओळखता येतील.

स्टेशन रोडवरच्या डॉक्टरांनी पोरीच्या पापण्या उचलून बाहुल्या पाहिल्या आणि त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी एक सुई दिली आणि म्हणाले, हिला जागं ठेवा, श्वास रेंगाळला की तळपायाला टिचकी मारा. मामांनी तो तळपाय स्वतःच्या हातात घेतला आणि दिवेलागणीपर्यंत कुणाला दिला नाही. ते टिचकी मारत, पोट हलताना बघत, पुन्हा टिचकी मारत. उन्हं गेली आणि पोरीचं तोंड वाकडं झालं, ओठ थरथरले, आणि ती रडली. बारीक, चिरका आवाज, पण रडली. मामांना फक्त तिचं उघडलेलं तोंड दिसलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"रडून राह्यली का?"

"हो, मामा," मी मान हलवून म्हणाले.

"जोरात?"

"जोरात."

"बेस," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

इथे हे संपायला हवं होतं. पण आम्ही घरी आलो तेव्हा अक्का दारात बसलेली होती. तिला भीती वाटली होती, आणि भीती वाटली की तिचा आवाज चढायचा. ती म्हणाली, "एवढं काय झालं? माह्ये सात याच्यावरच वाढले."

मामा थांबले. "सात वाढले," ते म्हणाले. "झाले किती होते?"

ते नेहमीच्याच आवाजात बोलले. दुसरा आवाज त्यांच्याजवळ नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक घरानं ते ऐकलं. अक्काला नऊ झाले होते. दोन अंगावर पीत असतानाच झोपेत गेले होते, आणि देवानं नेलं असं सगळे म्हणत आले होते. अक्का मान खाली घालून उठली, आपलं लुगडं पिशवीत भरलं आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं अमडापूरला निघून गेली. ज्या माणसानं दुपारी माझी मुलगी मला परत दिली, त्याचा संध्याकाळी मला इतका राग आला की मी त्यांच्याशी धड बोलू शकले नाही. एखादी गोष्ट खरी असली म्हणून ती अशी भर दारात म्हाताऱ्या बहिणीच्या तोंडावर फेकायची असते का? दुसऱ्या दिवशी भोंग्यानंतर ते आले, तीन प्रश्न विचारले, पोरीचं पोट हलताना पाहिलं आणि गेले.

दोन वर्षं बहीण-भावाचं बोलणं नव्हतं. मग दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी असताना अक्काकडून निरोप आला: धाकट्या सुनेला मुलगा झालाय, बापूला, म्हणजे मामांना, म्हणावं, पाहून जा. मामांनी कामाचे कपडेही बदलले नाहीत. मी बरोबर गेले, कारण कंडक्टर काय म्हणतो ते त्यांना ऐकू येत नसे. अक्का दारातच होती. ती आत वळली आणि आम्ही मागोमाग गेलो. खिडकी उघडी होती. शेगडी कुठे दिसत नव्हती. घट्ट विणलेल्या बाजेवर एकाच गोधडीच्या घडीवर पोर उताणं झोपलं होतं, उशी नाही, तोंड उघडं. अक्का मामांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ती मला दिसली.

मामांनी बराच वेळ पाहिलं. मग वाकून पायथ्याची दुपट्याची घडी उचलली. "हे काऊन ठेवलं इथं?"

"पायाशी हाय ते! तोंडाशी हाय का?" अक्का भडकली.

"वर सरकन तं?"

"ते सरकते का पोट्टं सरकते?"

आणि दोघं असे भांडले, असे भांडले, की पोर जागं झालं, सुनेनं कपाळावर हात मारला, आणि मी बाहेर ओसरीवर जाऊन पोटभर हसले. निघताना अक्कानं मामांच्या पिशवीत भाकरी-ठेचा बांधून दिला आणि त्यांच्या मिशीतला रुईचा तंतू काढून टाकला.

परतीची एसटी बुलढाण्याहून निघून घाट उतरू लागली तेव्हा मामा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. ते इतक्या हळू बोलत होते की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"अक्काच्या त्या गेलेल्या दोघांतलं धाकलं बारा दिवसांचंही नव्हतं," ते म्हणत होते. "नावही ठेवलं नव्हतं. अक्का त्याले नुस्तं राजा म्हने." "अक्काले तिच्या सासूनं सांगतलं असन. सासूले तिच्या सासूनं. मंग म्या त्या दिवशी बोललो कोनाले, पोरी?"

मी काहीतरी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेलं नाही, आणि मोठ्यानं पुन्हा म्हणावं असं ते नव्हतं.